उत्तराबरोबर रीतही गावी पोहोचावी

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांना भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत ठाऊक आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावयाची आणि तिची पाऊणपट करावयाची. जो आकडा येईल, त्या तासाच्या सुमारास समुद्रास पूर्ण भरती येते. अष्टमीस सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. चंद्राच्या गतीमुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे या रीतीमागील शास्त्र होय. बंदरागणिक थोडा फरक पडतो, आणि तो फरकही त्या त्या बंदरातील जाणत्या माणसांस माहीत असतो.

या साध्या रीतीत तीन मोठे गुण आहेत. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. ती कोणालाही किनाऱ्यावर उभे राहून पडताळून पाहता येते. आणि ती चुकली तर कोठे चुकली हे पाहणाऱ्यास समजते, कारण केवळ उत्तर नव्हे तर उत्तर काढण्याची रीतच लोकांच्या हाती आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी व पाउणकी पाठ करून घेत, त्यामागेही हाच हेतू होता. बाजारात गेलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबून राहण्याची पाळी येऊ नये.

शेतीशास्त्राने आज शेतकऱ्यास अशा शेकडो रीती उपलब्ध करून दिल्या आहेत. खताची मात्रा, औषधाचे प्रमाण, पिकाची पाण्याची गरज, पावसाचा ताळेबंद, या प्रत्येकाचे सूत्र प्रयोगांती सिद्ध झालेले आहे. परंतु गावापर्यंत पोहोचते ते बहुधा केवळ शेवटचे उत्तर. सूत्र मात्र प्रबंधात व अहवालात राहते. परिणामी, परिस्थिती थोडी बदलली की ते उत्तर लागू पडत नाही आणि शेतकरी पुन्हा अंदाजावर येतो. ही उणीव दूर करण्याचे एक स्वस्त व सोपे साधन आज हाती आले आहे. त्याचा विचार ग्राम-कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी अवश्य करावा.

साधन कोणते?

संगणकास क्रमवार दिलेल्या सूचनांना आज्ञावली अथवा प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅम म्हणजे काही तरी अवघड व खर्चिक वस्तू असली पाहिजे, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. तिथीची पाऊणपट करणे हाही एका ओळीचा प्रोग्रॅमच होय. असा लहानसा प्रोग्रॅम वेबवरील एखाद्या पानावर ठेवला म्हणजे, मोबाईलवर ते पान उघडून कोणीही आपला आकडा त्यात भरू शकतो व आपले उत्तर मिळवू शकतो. आकडा बदलला की उत्तरही बदलते. छापील कोष्टकात आणि या पानात हाच मुख्य भेद आहे. कोष्टक सर्वांस एकच उत्तर देते, तर हे पान विचारणाऱ्याच्या शेतापुरते उत्तर देते.

जिनीव्हा येथील सर्न या संशोधन-संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ साली मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही शुल्क न घेता साऱ्या जगास खुले केले. शास्त्रज्ञांनी आपले काम परस्परांस सहज दाखवावे, या गरजेतून ते निर्माण झाले होते. पुढे शिक्षणक्षेत्राने त्याचा उत्तम उपयोग करून घेतला. अमेरिकेतील कॉलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक-विजेते शास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ या उपक्रमात विज्ञानाचे लहान लहान प्रयोग वेबवर मांडलेले आहेत. विद्यार्थी आकडे बदलतो आणि परिणाम डोळ्यांनी पाहतो. हे प्रयोग विनामूल्य असून त्यांचे जगातील अनेक भाषांत, मराठीतही, अनुवाद झालेले आहेत. जे शाळेच्या विज्ञानास साधले, ते शेतीच्या विज्ञानास न साधण्याचे काहीच कारण नाही.

आंब्याच्या झाडाचा हिशेब

बुरोंडीसारखे गाव उदाहरणास घेऊ. दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, समुद्राच्या काठी वसलेले हे गाव. किनाऱ्यावर मासेमारी, जांभ्या दगडाच्या उतारावर आंबा व काजू, आणि सखल भागी भाताची खाचरे, असा येथील संसार आहे. १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ येथून हाकेच्या अंतरावर आहे. असे असूनही विद्यापीठातील सूत्र आणि बागेतील कृती यांमध्ये अंतर पडू शकते.

हापूस आंबा एक वर्ष भरघोस येतो व दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, हे सर्वांस माहीत आहे. यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल या वाढनियंत्रकाचा वापर करण्याची शिफारस विद्यापीठाने केली आहे. या द्रव्यामुळे पालवीची वाढ आवरली जाते व मोहोर येण्यास मदत होते. २५ टक्के तीव्रतेचे औषध असल्यास त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासास दर मीटरला ३ मिलिलिटर अशी आहे, आणि ते सामान्यतः १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात निरोगी व पूर्ण वाढलेल्या झाडास द्यावयाचे असते.

येथे मात्रा झाडाच्या वयावर नसून विस्तारावर ठरते, ही गोष्ट मुख्य आहे. झाडाचा व्यास पूर्व-पश्चिम ६ मीटर व दक्षिणोत्तर ८ मीटर असेल, तर सरासरी ७ मीटर येते व मात्रा २१ मिलिलिटर होते. शेजारचे झाड त्याच वयाचे, परंतु केवळ ४ मीटर विस्ताराचे असेल, तर त्यास १२ मिलिलिटरच पुरे. सर्व झाडांस सरसकट बाटलीच्या टोपणाने सारखे माप घातले, तर मोठ्या झाडास ते कमी पडते आणि लहान झाडास जवळजवळ दुप्पट होते. औषध महाग आहे, आणि जमिनीत ते दीर्घकाळ टिकून राहते. अधिक मात्रेने पालवी आखूड व गुच्छासारखी येते, आणि एकदा जमिनीत गेलेली मात्रा परत काढून घेता येत नाही. ज्या झाडावर कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते, त्या झाडाच्या मुळाशी अंदाजाने काही ओतणे योग्य नव्हे.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड भागांतील बागांची मोठी हानी केली. ज्या झाडांच्या फांद्या मोडल्या त्यांचा विस्तार घटला. वय मात्र तेच राहिले. अशा वेळी आदल्या वर्षाच्या वहीतील आकडा निरुपयोगी ठरतो. अशक्त झालेल्या झाडास हे औषध देऊच नये, आणि सावरलेल्या झाडाचा व्यास नव्याने मोजूनच मात्रा ठरवावी. ‘अमुक झाडास इतके’ असे तयार उत्तर ज्याच्यापाशी आहे, तो येथे अडतो. ‘व्यास मोजा, सरासरी काढा, तीनने गुणा’ ही रीत ज्याच्यापाशी आहे, तो अडत नाही.

आता या हिशेबाचे एक पान वेबवर आहे असे समजा. बागायतदाराने प्रत्येक झाडाचे दोन व्यास भरावेत. पानाने प्रत्येक झाडाची मात्रा व साऱ्या बागेस लागणारे एकूण औषध सांगावे. आणि उत्तराखाली ते कसे आले हे शब्दांत लिहावे. दोन आकडे, एक बेरीज, एक भागाकार व एक गुणाकार, एवढेच त्याचे अंतरंग आहे. ते तयार करण्यास मोठा निधी अथवा मोठे कार्यालय लागत नाही. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थी ते काही तासांत तयार करू शकेल.

गुंठ्याचे खत

दुसरे उदाहरण भाताचे. सुधारित भातास हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी कोकणातील सर्वसाधारण शिफारस आहे. परंतु कोकणातील शेतकऱ्याची खाचरे हेक्टरात नव्हे तर गुंठ्यांत असतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे. म्हणजेच गुंठ्यास साधारणतः एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व अर्धा किलो पालाश पडतो. येथवर हिशेब सोपा आहे. पण दुकानात नत्र मिळत नाही, युरिया मिळतो. आणि पुष्कळदा १५:१५:१५ हे मिश्रखतच तेवढे हाती लागते. मग अर्धा किलो स्फुरदासाठी ३.३३ किलो मिश्रखत घ्यावे लागते. त्यातूनच अर्धा किलो नत्र व अर्धा किलो पालाश येतो, आणि उरलेल्या अर्धा किलो नत्रासाठी सुमारे १.१ किलो युरिया लागतो. ही सर्व खते एकाच वेळी द्यावयाची नसून नत्र हप्त्याहप्त्याने विभागून द्यावयाचे असते, हे निराळेच.

दुकानात जे खत असेल त्याप्रमाणे हा हिशेब दर वेळी बदलतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर स्फुरद भरपूर असल्याची नोंद असेल तर तो आणखी बदलतो. हा हिशेब खरेदीच्या वेळी शेतकऱ्यास स्वतः करता आला नाही, तर तो विक्रेता करतो. विक्रेता प्रामाणिक असला तरी त्याचे हित अधिक माल खपण्यात असते. ज्याच्या खिशातून पैसा जावयाचा, हिशेबाचे साधनही त्याच्याच हाती असणे न्यायाचे होय.

पाणी आणि विमा

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१९ साली भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था व भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी सुरू केलेल्या ‘मेघदूत’ ॲपद्वारे हवामानाचा अंदाज व पीकसल्ला मराठीतून मिळतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारी आज्ञावली तयार केली. पडलेला पाऊस, जमिनीचा पोत, उतार व घेतलेली पिके यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले व पिकास किती कमी पडले, याचा हिशेब ती करते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर अशा यंत्राविनाही गावच्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून त्यावरून पिके ठरविण्याचा पायंडा पाडला आहे.

कोकणासही हा ताळेबंद हवा आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी होते. दापोली भागात वर्षास साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर साडेतीन लाख लिटर. असे असता चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट का करावी लागते, हा प्रश्न शाळेतील मुलांनी असा प्रोग्रॅम चालवून गावापुढे ठेवला, तर बंधाऱ्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब फळपीक विम्याची आहे. आंबा व काजू यांसाठी हवामानावर आधारित विमा योजना लागू आहे. तीत अवेळी पाऊस, कमी अथवा जास्त तापमान इत्यादींच्या मर्यादा शासन-निर्णयात दिलेल्या असतात, आणि त्या मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवरून भरपाई ठरते. म्हणजे ही योजना स्वभावतःच एक प्रोग्रॅम आहे. एका बाजूने रोजच्या नोंदी आत जातात, दुसऱ्या बाजूने रक्कम बाहेर येते. मर्यादा जाहीर आहेत. मग तोच हिशेब शेतकऱ्यास आपल्या मोबाईलवर करून पाहता का येऊ नये? मंडळ निवडावे, दिनांक निवडावा, त्या दिवसाची नोंद पाहावी, आणि किती दिवस मर्यादा ओलांडली गेली व त्यावरून किती रक्कम होते हे पायरीपायरीने दिसावे. भरपाई मिळाली तर का मिळाली आणि न मिळाली तर का नाही, हे ज्यास समजते त्याचा योजनेवर विश्वास बसतो. ज्यास समजत नाही, त्यास मिळालेली रक्कमही कमीच वाटते आणि न मिळालेली तर लबाडी वाटते. अशा वेळी ग्राम-कार्यकर्त्यास तरी काय उत्तर देता येणार?

अशी पाने कशी असावीत?

वेबवर आहे एवढ्यानेच एखादा हिशेब चांगला ठरत नाही. त्याने पुढील अटी पाळल्या पाहिजेत.

पहिली अट अशी की, पान मराठीत असावे आणि त्यातील मापे शेतकऱ्याच्या वापरातील असावीत. गुंठा, पंप, पोते यांना तेथे स्थान असावे.

दुसरी अट, सूत्र उघडे असावे. उत्तर कसे आले हे न सांगणारे पान म्हणजे नुसता कौल लावणे होय.

तिसरी अट, शिफारस कोणत्या संस्थेची व कोणत्या वर्षाची आहे हे पानावर ठळकपणे लिहिलेले असावे. शिफारशी बदलतात. जुने पान नव्या शिफारशीच्या नावाखाली फिरत राहिले तर ते अज्ञानापेक्षाही घातक ठरते.

चौथी अट, पानाने शेतकऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक वा सातबारा विचारू नये. झाडाचा व्यास कळण्यासाठी मालकाचे नाव लागत नाही. फुकट सल्ल्याच्या बदल्यात माहिती गोळा करून पुढे मालाच्या जाहिराती पाठविणाऱ्या ॲपांपासून सरकारी साधन या बाबतीत निराळे दिसले पाहिजे.

पाचवी अट, पान हलके असावे, एकदा उघडल्यावर रेंज नसतानाही चालावे, आणि त्याचे छापील कोष्टकही काढता यावे. डोंगरांच्या कुशीतील वाडीस ही अट सर्वांत मोलाची आहे.

शंका आणि समाधान

यावर काही आक्षेप घेतले जातील. अनुभवी शेतकऱ्यास अशा यंत्राची गरज काय, असे कोणी विचारील. अनुभवास पर्याय नाही हे खरेच. झाड निरोगी आहे की नाही, जमिनीत ओल पुरेशी आहे की नाही, हे डोळाच ओळखतो. परंतु गुणाकार-भागाकार हे अनुभवाचे क्षेत्र नव्हे. यंत्राने आकडेमोड करावी व शेतकऱ्याने निर्णय करावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

वृद्ध शेतकऱ्यांस मोबाईल हाताळता येत नाही, हा दुसरा आक्षेप. त्यासाठीच छापील कोष्टकाची अट वर घातली आहे. शिवाय घरातील शिकणारी मुले-मुली हे काम आनंदाने करतात. आजोबांनी व्यास मोजावा आणि नातीने आकडे भरावेत, यात दोघांचेही शिक्षण आहे.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण तो मनात असतो. सूत्र उघडे केले तर लोक त्यातील चुका काढतील, ही धास्ती काही अधिकाऱ्यांस वाटते. लोक चुका काढतील हे खरे आहे, आणि ते इष्टही आहे. समुद्रकाठच्या एखाद्या बागेत शिफारस लागू पडत नसेल, तर ते प्रथम त्या बागायतदारासच कळणार. सूत्र त्याच्यापुढे असेल तर तो नेमके कोठे बिनसले हे सांगू शकेल, आणि ती माहिती संशोधकास दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वस्तात मिळणार नाही. जे ज्ञान तपासून घेण्यास भिते, त्यावर शेतकऱ्याने आपले झाड सोपवावे तरी कसे?

ग्राम-कार्यकर्त्यांचे काम

ही पाने तयार करणे हे विद्यापीठाचे व खात्याचे काम आहे, आणि त्यांनी ते लवकर हाती घ्यावे. तोपर्यंत ग्राम-कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. संगणकावरील साध्या हिशेब-तक्त्यातही वरील सूत्रे मांडता येतात. परंतु कोणतेही सूत्र मांडण्यापूर्वी ते विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीशी ताडून घ्यावे, आणि एक-दोन उदाहरणे हाताने सोडवून उत्तर जुळते की नाही हे पाहावे. त्यानंतरच ते गावात द्यावे.

गावात देतानाही केवळ दुवा पाठवून थांबू नये. चार शेतकऱ्यांसमवेत एखाद्या बागेत जावे. एका झाडाचे दोन्ही व्यास दोरीने मोजावेत. प्रथम कागदावर हिशेब करावा व मागाहून तोच मोबाईलवर करून दाखवावा. दोन्ही उत्तरे सारखी आली की साधनावरील विश्वास आपोआप बसतो. उलट, उत्तर चुकीचे आल्याचा संशय कोणी व्यक्त केला तर त्यास गप्प न करता त्याचा आकडा लिहून घ्यावा व तो संबंधित तज्ज्ञाकडे पाठवावा. शेतकरी बंधूंनीही तयार उत्तरावर समाधान मानू नये. ‘हे कसे आले?’ असा प्रश्न प्रत्येक शिफारशीस विचारण्याची सवय लावून घ्यावी. हा प्रश्न अधिकाऱ्याचा उपमर्द करीत नाही. तो अधिकाऱ्याचे काम सोपे करतो.

तिथीची पाऊणपट करून भरती ओळखणाऱ्या किनाऱ्यास हे सर्व नवे वाटण्याचे कारण नाही. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या एक सूत्र सर्वांमध्ये वाटून घेत आले आहेत आणि ते रोज समुद्रावर पडताळून पाहत आले आहेत. आंब्याचे औषध, भाताचे खत, गावचे पाणी व विम्याची रक्कम यांची सूत्रेही त्याच मोकळेपणाने गावात आली, तर पुढील पावसाळ्यात बागायतदार टोपण बाजूस ठेवून हाती दोरी घेईल. सुरुवात एका झाडापासून आणि एका पानापासून करता येईल, आणि त्यासाठी १५ जुलैच्या आत ते पान तयार असले पाहिजे.